बंब कुठं थांबला

आमच्या सडेवाडीचा डोंगर कोण पेटवतं ते कुणालाच ठाऊक नसतं. दरवर्षी फाल्गुनात पेटतो आणि दरवर्षी तो कुणीतरी पेटवलेला असतो. ह्या कुणीतरीला नाव नाही, घर नाही, काडीपेटी तेवढी आहे. जुनं गवत जळालं की पावसाळ्यात नवं जोमानं येतं, असं इथं बाप लेकाला सांगतो. मग साहेब लोक गाडीतनं येतात आणि तसं काही नसतं म्हणून सांगून जातात. गाव दोघांचंही ऐकून घेतं. मग परत फाल्गुन येतो.

मी मूळची पलूसची, उसातली. आमच्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवतात. बांधापर्यंत जळतं, पाटाच्या पाण्याशी विझतं, आणि माणसं कडेला तंबाखू मळत उभी असतात. लग्न होऊन ह्या डोंगरावर आले तेव्हा मला वाटायचं, आग म्हणजे अशीच, वेळ झाली की आपली आपण विझणारी. डोंगराला बांध नसतो हे मला इथं आल्यावर कळलं.

गेल्या फाल्गुनात त्या आगीत माझा नवरा मेला. सरळ सांगते, कारण गावात कुणी सरळ बोलत नाही. 'ते झालं तवा' म्हणतात, 'सुभेदारांचं तसं झाल्यापासनं' म्हणतात. काय झालं, कसं झालं, बोला की तोंड उघडून. पण मी पुढ्यात आले की सगळ्यांच्या तोंडात सुपारी.

मी रडले नाही, हे गावानं बघून ठेवलंय. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मी त्यांच्या पाठीवर थापटत बसले. मला काही वाटतच नव्हतं. लय वेळ मांडी घालून बसलं की पाय झोपतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालेलं. स्वयंपाक करायची, म्हशीचं करायची, आत्तींना गोळी द्यायची, निजायची. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, मनुबाई. घरात आम्ही दोघीच. लेक माया सांगलीत कॉलेजला, माझ्या भावाकडं, विश्रामबागेत. भाऊ अमृत दर रविवारी फोन करायचा. म्हणायचा, "ताई, इकडं ये. वरची खोली रिकामी हाय. तिथं डोंगरावर आता काय ठेवलंय?"

मी म्हणायची, "रस्त्याचं काय ते होऊ दे, मग बघू."

त्या रस्त्याचंच सांगायचंय.

खालनं डांबरी येते ती आमच्या दारात वळते आणि चढ चढून वाडीच्या वरच्या टोकाला जाते. तिथं दगडाबाईचं वाडगं, म्हणजे तिची शेरडंमेंढरं कोंडायची काट्याची आणि पत्र्याची जागा. त्याच्या पलीकडं रान आणि गवत. दगडाबाईचं राहतं घर मात्र आमच्या समोर, वळणाच्या उतरत्या अंगाला. पत्र्याचंच, पण सारवलेलं, नीटनेटकं. ती माणदेशाकडची. नवऱ्यामागं मेंढरं घेऊन आली, नवरा इथंच वारला, आणि ती इथंच राहिली.

आणि वळणाच्या वरच्या अंगाला आमची भिंत. सुभेदार पलटणीतनं परत आले आणि पहिलं काम कुठलं केलं असेल तर ही भिंत. जन्मभर तंबूत आणि बराकीत काढलेला माणूस, आपली हद्द आपण घालायची हौस दांडगी. एकेक काळा दगड स्वतः घडवला. गवंड्याला नुसता माल कालवायला ठेवला होता. लोखंडी फाटक, फाटकावर 'सुभेदार आप्पासो' असं पांढऱ्या रंगात. पुढं रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा सरपंच नानासो घरी आले, म्हणाले, "आप्पा, वळणापुरती जरा मागं घे की."

सुभेदारांनी उतारा काढून दाखवला. "मोजणी आणा. इंच जरी रस्त्यात आसंल तर मी हातानं पाडतो."

मोजणी आणली. भिंत हद्दीतच निघाली. खरंच होतं त्यांचं, आणि खरं असलं की ह्या माणसापुढं देवाचं चालत नसे. "ट्रॅक्टर जातोय न्हवं?" म्हणाले. ट्रॅक्टर जात होता.

आता गंमत ऐका. वणवा समितीचा अध्यक्षही हाच माणूस. हिवाळ्यात जाळपट्टा काढायला सगळ्या वाडीला डोंगरावर न्यायचा, म्हणजे रुंद पट्टा आधीच कापून जाळून टाकायचा, आग आली तर तिथं अडावी म्हणून. वैरणीच्या गंज्या घरापासनं लांब रचायला लावायचा. फाल्गुनात आग लागली तर बंब यावा म्हणून खाली खेटे घालून घालून चपला झिजवल्या त्यानं. सगळ्या डोंगराचा विचार केला. दारातल्या भिंतीचा तेवढा केला नाही.

त्या दिवशी दुपारी वारं फिरलं आणि आग जाळपट्टा ओलांडून खाली आली. गडी हिरवे डहाळे घेऊन झोडपत होते. मी वरच्या झऱ्यावर होते, बायकांबरोबर हंडे भरून देत. सुभेदारांनी बघितलं की आग दगडाबाईच्या वाडग्याकडं निघालीय आणि शेरडं आत कोंडलेली. गेले धावत. वाडग्याचं फाटक उघडलं, शेरडं बाहेर आली. वासे पेटून छप्पर सुभेदारांच्या अंगावर आलं.

झोळीत घालून खाली आणताना मी मागनं चालत होते. आमच्या दारात आले तर बंब उभा. तांबडा, भलाथोरला, पाण्यानं भरलेला. तोंड आमच्या भिंतीला लागलेलं, मागलं चाक दगडाबाईच्या उताराच्या काठावर. पुढं जाता येईना, मागं घेता येईना. भिंतीच्या कोपऱ्याला त्याचा तांबडा रंग घासलेला. अजून आहे.

मी ते बघितलं, आणि त्याच क्षणी माझं अंग झोपलं ते झोपलंच.

मेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात. मला यायचा. एवढं एकच काय ते मला कळत होतं, तेही लांबनं. भाकरी थापताना मनात म्हणायची, 'घ्या, आणा मोजणी.'

आणि गावाचं काय? गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. सुभेदारांनी दुसऱ्याच्या शेरडांसाठी जीव दिला, खोटं नव्हतंच. पण बंबाचा विषय निघाला की म्हणायचे, "लय उशिरा आला मेला." कुणीही आमच्या भिंतीकडं बोट केलं नाही. मला वाटायचं, सुभेदारांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून झाकतायत. झाका म्हणलं.

आत्तींचं एक बदललं होतं. आधी सकाळच्या उन्हाला त्या भिंतीला टेकून बसायच्या, लसूण सोलत. त्या फाल्गुनानंतर परसात बसायला लागल्या, सावलीत, थंडीच्या दिवसांतसुद्धा. लेकाच्या हातची भिंत बघवत नसेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही. आम्ही दोघी एकमेकींना काहीच विचारत नव्हतो.

पौष लागला तसे नानासो घरी आले. तालुक्यावरनं मॅडम येणार, वाडीचा आराखडा करायचा, वणव्याचा आणि रस्त्याचा दोन्हीचा मिळून. रस्ता रुंद होणार, वर पाण्याची टाकी होणार. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "वैनी, भिंतीची काळजी करू नका. तिला हात लावायचा न्हाई, असं गावानं ठरवलंय. त्यांची आठवण हाय ती. कोपऱ्याला फरशी बसवू, नाव घालू."

"मग रस्ता कुठनं न्येणार?"

"पलीकडनं. दगडाबाईचं घर उचलू. वर गायरानात जागा देऊ तिला. पत्र्याचंच तर हाय."

"तिला इचारलं?"

"ती कशाला न्हाई म्हणतीया?" नानासो म्हणाले, आणि आतल्या खोलीकडं बघून आवाज बारीक केला. आत आत्ती पडल्या होत्या. "तुमी आता ह्यात जास्त उकरू नका, वैनी. झालं गेलं."

उकरायला मी काय कोंबडी आहे? संध्याकाळी दगडाबाईकडं गेले. ती मेंढरांना पाला टाकत होती.

"दगडामावशी, घर देनार हाईस?"

"द्यायचं की."

"मनापासनं?"

ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "माझी शेरडं सोडाय गेलं सुभेदार. आता त्यांच्या भितीम्होरं माझं पत्रं ऱ्हाऊ द्या म्हणून कुठल्या तोंडानं सांगू, बाय? आन् वणवा धनगरानंच लावला म्हणनारी बी हाईत गावात. गप गेलेलं बरं."

तिनं लावला नव्हता. आपलीच शेरडं कोंडून कुणी रान पेटवतं का? पण गावाला कुणीतरी लागतो आणि दगडाबाई दिसायला सोपी.

घरी आले, जेवले, भांडी घासली. मला दगडाबाईचं वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. पण डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी बसली, की माझ्या नवऱ्यानं त्या बाईची शेरडं वाचवली आणि आता त्याच्याच नावानं तिचं घर जाणार. हे कुठल्या हिशेबात बसतं ते मला कुणी सांगावं.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. रेश्मा मॅडम तालुक्याच्या आपत्ती विभागाकडनं आलेल्या, तरणी पोर, पण कामाची. आल्या आल्या म्हणाल्या, "नकाशा कागदावर नाही काढायचा. इथं जमिनीवर, रांगोळीनं. आणि बायकांनी काढायचा. पुरुषांनी बघायचं."

गडी माणसं शाळेच्या भिंतीकडेला सरकली. बायका आधी लाजल्या, मग पदर खोचून बसल्या. विटेचा भुगा म्हणजे डोंगर, लिंबाचा पाला म्हणजे रान, राख म्हणजे जळालेलं, खापऱ्या म्हणजे घरं. धोंडुबाई आमच्या शेजारची, तोंडाळ. ओरडली, "माझी खापरी जरा मोठी ठेव गं, सुनंला बरं वाटंल."

"आन् सासूला बारीक ठेवू काय?" कुणीतरी म्हणालं. हसल्या सगळ्या. मीही ओठ हलवले. आत्ती माझ्या मागं, बायकांच्या शेवटच्या रांगेत, पोत्यावर बसल्या होत्या.

आमचं घर आलं तेव्हा धोंडुबाईनं रांगोळी खाली ठेवली आणि कुंकू घेतलं. कुंकवानं भिंत काढली, सरळ, जाड. वर एक झेंडूचं फूल ठेवलं.

रेश्मा मॅडमनी विचारलं, "हे देऊळ आहे का?"

"न्हाई, सुभेदारांची भिंत हाय," नानासो म्हणाले. "ती धरून चला. रस्ता ह्या अंगानं घ्या."

मग गुलालानं रस्ता काढला. भिंतीपासनं लांब, चांगला ऐसपैस. तो दगडाबाईच्या खापरीवरनं गेला. धोंडुबाईनं खापरी उचलली आणि पाल्याजवळ, डोंगराच्या अंगाला नेऊन ठेवली. दगडाबाई कडेला उकिडवी बसली होती. ती बघत राहिली.

रेश्मा मॅडमनी पिशवीतनं एक अर्धी वीट काढली. "आता मला सांगा. ही वीट म्हणजे बंब. गेल्या वर्षी बंब कुठपर्यंत आला होता? तिथं ठेवा."

कुणी उठेना.

"बंब उशिरा आला, मॅडम," नानासो म्हणाले.

"उशिरा का होईना, पण कुठपर्यंत?"

"खालच्या मोरीपाशी चाक बसलं त्याचं," एक म्हातारा म्हणाला.

"चाक न्हवं, पाणीच कमी हुतं टाकीत," दुसरा म्हणाला.

"डायवर नवा हुता," धोंडुबाई म्हणाली.

खोटं बोलायचं तर आधी ठरवून तरी बोलावं. वर्षभर झाकलं आणि झाकणं एकाची एकाला बसत नव्हती. रेश्मा मॅडमनी सगळं ऐकलं, वीट उचलली आणि मोरीपाशी ठेवली. म्हणाल्या, "म्हणजे मोरी रुंद करायला पाहिजे. आणि वळणाचं तुम्ही म्हणता तसं."

वीट मोरीपाशी राहिली असती तर आराखडा तसाच गेला असता. भिंत राहिली असती, दगडाबाई गेली असती, आणि उद्या वर आग लागल्यावर पहिली तीच सापडली असती. मी उठले. रांगोळीतनं चालत गेले, विटेचा डोंगर माझ्या पायानं पसरला. वीट उचलली आणि कुंकवाच्या रेघेवर ठेवली. झेंडू खाली चेपला.

"हितं थांबला," मी म्हणलं. "ह्या भितीपाशी. तांबडा रंग अजून दगडाला हाय, जाऊन बघा. वेळेवर आलेला, पाण्यानं भरलेला. माझ्या नवऱ्याच्या भितीनं अडवला आन् वर माझा नवरा जळाला. त्यांच्या नावाला बट्टा लागंल म्हणून तुमी वरीसभर झाकलं. लागू द्या बट्टा. मी त्यांची बायकू हाय, मी लावते. पण त्यापायी ह्या बाईचं घर घेऊ नका."

माझा श्वास वर आला होता. किती दिवसांनी मला माझा श्वास कळला.

रेश्मा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, बसा. एकच विचारते, मला लिहायला लागेल. बंबावर पहारी असतात. इथं माणसं होती. मग भिंतीचा कोपरा तेवढा पाडला का नाही? थोड्या वेळाचं काम."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वर्षभर मेलेल्या माणसाशी भांडत होते, जित्या माणसांना विचारायचं सुचलंच नाही. मी नानासोंकडं वळले. "व्हय की. का न्हाई पाडली? तुमी हुता न्हवं तितं, नानासो?"

नानासो खाली बघायला लागले. धोंडुबाईनं माझा पदर ओढला. "बस खाली, दीपमाला," म्हणाली. "ऐक माझं, बस." पण ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या मागं बघत होती. मग मी बघितलं तर सगळेच तिकडं बघत होते.

मी मागं वळले. शेवटच्या रांगेत आत्ती पोत्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर.

"म्या पाडू दिली न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्ती?"

"नानानं पहार उचलली हुती. त्याला बोल लावू नगंस. डायवर बी म्हणला, आजी सरका. म्या म्हणलं, आप्पाची भित हाय. आप्पाला इचारल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई. आत्ता यील म्हणलं डोंगरावरनं. यील आन् सांगंल, पाडा म्हणंल तर पाडा. आन् म्या भितीला पाठ लावून बसले, वाट बघत."

त्या हातानं पोत्याचा एक धागा ओढत होत्या.

"मग आणलं की त्याला," म्हणाल्या.

मला तेव्हा सगळं कळलं. बंब उशिरा आला, चाक बसलं, पाणी कमी होतं, डायवर नवा होता. हे सगळं सुभेदारांच्या नावासाठी नव्हतंच. एवढी मोठी वाडी, लावालावीत पटाईत, आणि वर्षभर एक माणूस बोललं नाही. ह्या म्हातारीला जगता यावं म्हणून. आणि लपवत होते ते माझ्यापासनं.

मी काय करायला पाहिजे होतं? ओरडायला पाहिजे होतं का? माझ्यात काही उठलंच नाही. उठलेला श्वास परत खाली बसला. मी पोत्यापाशी गेले आणि म्हणलं, "चला, आत्ती. ऊन लागतंय."

आम्ही घरी निघालो. त्या मागं चालत होत्या, चार पावलांचं अंतर ठेवून, जणू मी वळून मारीन. मी चहा केला. त्यांनी कप घेतला नाही.

"तू जा भावाकडं," त्या म्हणाल्या. "माया बी तितंच हाय. म्या ऱ्हाते हितं. धोंडुबाई भाकरी दील."

मी चुलीपुढं बसले. मनात म्हणलं, जावं का? हिचं तोंड रोज बघायचं, हिला गोळी द्यायची, हिच्या पायाला तेल लावायचं. राग यायला पाहिजे होता. मी रागाची वाट बघितली. त्याच्या जागी एकच गोष्ट डोळ्यापुढं येत होती, की नवरा मला कधी विचारत नव्हता, मी त्याला सगळं विचारायची, आणि त्या दिवशी मी जर झऱ्यावर नसते, दारात असते, तर मीही कदाचित तेच म्हणाले असते, येऊ द्या त्यांना. ह्या घरात भिंतीतला खिळासुद्धा त्यांना विचारून मारायची रीत. ती रीत एकट्या आत्तींनी घातलेली नव्हती.

"चहा निवला," मी म्हणलं. "दुसरा ठेवते."

रविवारी अमृतचा फोन आला. म्हणलं, येत नाही. का म्हणाला. म्हणलं, आत्तींना कोण बघणार? त्याला हे नवं नव्हतं, त्यानं फार विचारलं नाही.

भिंत माघात पाडली. आराखड्याला मंजुरी यायची होती, पण वळणापुरतं थांबायचं नाही, असं मी नानासोंना सांगितलं. सगळी वाडी आली. नानासोंनी पहार घेतली आणि आत्तींकडं बघून घुटमळले. आत्ती परसातनं बाहेर येऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. आत गेल्या नाहीत. नानासोंनी पहार घातली. सुभेदारांचं काम पक्कं, पहिला दगड सुटायला लय वेळ लागला. तांबडा रंग लागलेला कोपऱ्याचा दगड धोंडुबाई बाजूला ठेवायला निघाली होती, आठवण म्हणून. मी म्हणलं, "टाक त्यातच." सगळे दगड दगडाबाईच्या घराखाली उताराला रचले, रस्त्याची माती खचून तिचं घर जाऊ नये म्हणून. ती रचणाऱ्यांना ताक पाजत होती.

फाल्गुनाच्या तोंडाला रंगीत तालीम ठरली. खालनं बंब येणार, वर वाडग्यापर्यंत जाणार, नळी जोडून पाणी मारून दाखवणार. सकाळपासनं वाडी रस्त्याच्या कडेला बसलेली. मी चुलीवर चहा ठेवला आणि दारात आले. आत्ती आधीच बाहेर होत्या, भिंत होती त्या जागेवर, उन्हात, लसणाची पाटी मांडीवर घेऊन.

बंब आला. तोच बंब, तोच डायवर. वळणावर आला आणि त्यानं ब्रेक दाबला. रस्ता मोकळा होता, दोन गाड्या जातील एवढा. पण त्यानं ब्रेक दाबला, खिडकीतनं मान बाहेर काढली आणि आत्तींकडं बघितलं.

"आजी, जाऊ का?"

नानासो पुढं झाले, तसं मी त्यांना हातानं थांबवलं. आत्तींनी लसूण पाटीत ठेवला. डोंगराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मला इचारू नगं, बाबा," त्या म्हणाल्या. "जा तू."

बंब वळला. एकदाही मागं घ्यावा लागला नाही. दगडाबाईच्या दारावरनं गेला, चढ चढला, दिसेनासा झाला. मग वरनं, वाडग्यापाशी पोचल्याचा त्याचा हॉर्न ऐकू आला. आत माझ्या चहाला अजून उकळी आली नव्हती.

झोपलेला पाय उठायला लागला की आधी मुंग्या येतात, आणि मग दुखतं. मी चौकटीला धरून उभी राहिले. मला दुखत होतं. छातीत, घशात, सगळीकडं. धोंडुबाई माझ्याकडं यायला निघाली, मी तिला मानेनं नको म्हणलं.

आत्ती अजून वरच्या रस्त्याकडं बघत होत्या.

"येवढंच हुतं व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आत्ती," मी म्हणलं. "येवढंच."

मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, आणि आत चहा उतू गेला तरी उठले नाही.